दोन बोटं सैल

थोरली: म्हणजे मी बारीक झाले, असं तुझं म्हणणं?

शिवणवाली: मी तसं कुठे म्हटलं, ताई? माणूस थकतं. तुमची धाकटी बहीण जाऊन तीनच महिने झालेत. जेवणाकडे लक्ष नसेल. कोट ढगळ वाटणारच.

थोरली: वजन केलंय मी. होतं तेवढंच आहे. आणि हा कोट आम्ही दोघी बहिणी सहा वर्षं घालत होतो, एक दिवस ती, एक दिवस मी. आजारपणात तो तिलाच दिला होता मी. दोघींचं माप एकच. तूच शिवलायस. आता अंगात घातला तर आत अजून अर्धी बाई मावेल.

शिवणवाली: कापड जुनं झालं की सैल पडतं.

थोरली: कापड सैल पडतं. दोरा नवा होतो का?

शिवणवाली: दोरा?

थोरली: ये इकडे, उजेडात. ही खांद्याची शिवण बघ. तपकिरी दोरा, पार विटलेला. बाह्यांना तोच. आणि दोन्ही कुशींना काळा करकरीत. अस्तर उसवून परत शिवलंय. आत जेवढं जादा कापड सोडलं होतं तेवढं सगळं बाहेर काढलंय. पस्तीस वर्षं मुलांच्या गणिताच्या वह्या तपासल्यात मी. खाडाखोड कितीही सफाईने केली तरी मला दिसते.

शिवणवाली: बसा ना आधी. उभ्या उभ्या काय बोलायचं. तो स्टूल नको, ही खुर्ची घ्या.

थोरली: स्टुलाला काय झालं?

शिवणवाली: काही नाही. त्याच्यावर ती बसायची.

थोरली: बरं. हा आत घेऊन दे. पूर्वी होता तसा, माझ्या मापाचा. एवढंच काम आहे.

शिवणवाली: चौकातल्या शिंप्याकडे द्या, ताई. हात चांगला आहे त्याचा. माझी बोटं राहिली नाहीत आता. केमोपासून टोकं बधिर आहेत. परवा सुई अर्धी आत गेली तरी पत्ता नाही. कापडावर लाल ठिपके दिसले तेव्हा कळलं. गिऱ्हाईक म्हणालं, नक्षी छान काढलीत.

थोरली: बधिर बोटांनी ही कुशीची टीप घातलीस? रेघ मारल्यासारखी आहे.

शिवणवाली: ती डोळ्यांनी घातली.

थोरली: म्हणजे तूच घातलीस.

शिवणवाली: तुम्ही शाळेतही असंच करायचात का हो?

थोरली: शाळेत यापेक्षा लवकर व्हायचं. सांग आता. बटण सैल झालंय म्हणून ती कोट तुझ्याकडे टाकून यायची, ते आठवतंय मला. तीन वेळा. मी म्हटलंसुद्धा, त्या टाचणीला एक बटण धड लावता येत नाही का.

शिवणवाली: टाचणी म्हटलंत?

थोरली: ती तसंच म्हणायची ना तुला. तोंडात टाचण्या धरून बोलतेस म्हणून.

शिवणवाली: ती गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं.

थोरली: बटणाचं सांग.

शिवणवाली: बटण एकदाच सैल होतं. पुढच्या दोन वेळा मी कापलं. ती कोट अडकवून आत गेली की कात्रीने दोरा तोडायचा आणि म्हणायचं, अगं हे परत लोंबतंय, ठेवून जा. रात्रीत कुशी उसवायची, पाव पाव इंच सोडायचं, अस्तर जागेवर. दुसऱ्या दिवशी ती घालायची, बटणं लावायची, सगळी लागायची. खूश व्हायची. बघ, म्हणायची, अजून कोट होतोय मला.

थोरली: का केलंस हे?

शिवणवाली: पहिल्यापासून सांगते. मध्ये थांबवू नका, नाहीतर मी गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत बसेन, माझं मला माहीत आहे.

थोरली: सांग.

शिवणवाली: आमची दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंडाशयाचा कॅन्सर, दोघींचाही. केमोला शेजारशेजारच्या खुर्च्या. तिच्या हाताला सुई लागली की मी तिकडे बघायची, माझ्या लागली की ती. संपलं सगळं तेव्हा तिथल्या सिस्टरने एक बजावून सांगितलं. तीन महिन्यांनी तपासणी आहेच, पण मध्ये पोट वाढलं, कपडे आवळायला लागले, तर वाट बघू नका, फोन करा. बाहेर आल्यावर तुमची बहीण म्हणते, पोट वाढलं की नाही ते कसं कळायचं, रोज आरशात बघून तर काही कळत नाही. आणि मग म्हणते, टाचणे, तू कशाला आहेस? दर सोमवारी अकराला येईन. तू माप घे. आकडा वाढला की मी फोन करणार.

थोरली: सोमवारी अकराला. पोस्टात सोमवारी तिची दुपारची पाळी असायची.

शिवणवाली: हो. आता आमच्या धंद्यात माप घेणारी आकडा बोलते आणि दुसरं कुणीतरी लिहितं. मी एकटी, म्हणून मी गिऱ्हाइकालाच वही देते. ती त्या स्टुलावर वही ठेवून लिहायची. मी मागून टेप घालायची. टेपच्या आत दोन बोटं ठेवायची, म्हणजे श्वासाला जागा राहते. मी बोलणार, चौतीस. ती लिहिणार, चौतीस. ही बघा वही. अक्षर तिचंच.

थोरली: चारचं तोंड उघडं. लहानपणापासून. पट्टी मारली तरी सुधारली नाही.

शिवणवाली: इथपर्यंत खरं आहे. हा सोमवार, हा, हा. इथपर्यंत चौतीसच होतं.

थोरली: आणि याच्या खालचे चार?

शिवणवाली: या सोमवारी पस्तीस भरलं. मी दोन बोटं बाहेर काढली. नुसती बोटं काढली, ताई. टेप अंगाला चिकटला आणि चौतीस आलं. मला वाटलं खोटं थोडंच आहे. बोटांनाही कळत नाही म्हटलं, बधिर आहेत, आपणच सैल धरला असेल. मी बोलले, चौतीस. तिने लिहिलं.

थोरली: पुढे.

शिवणवाली: पुढच्या वेळी बोटं काढून भागेना. मी टेप ओढला. ती म्हणाली, हळू गं, पार्सल बांधतेस का. त्याच्या पुढच्या सोमवारी ओढूनही साडेछत्तीसच्या खाली येईना. मग मी सरळ तोंडाने बोलले, चौतीस. टेपवर काय आहे ते बघितलंच नाही. शेवटच्या सोमवारीही तसंच. आणि कपडे आवळले तर तिला कळेल, म्हणून हा कोट. तो एवढाच एक तिच्या मापाला बेतलेला होता, बाकी सगळं नाडीचं नाहीतर इलास्टिकचं.

थोरली: तुला कळत होतं पोटात पाणी साठतंय ते.

शिवणवाली: कळत होतं.

थोरली: आणि तू तिला फोन करू दिला नाहीस.

शिवणवाली: नाही करू दिला. शिवी द्यायची तर द्या, ताई. मी तीन महिने वाट बघतेय कुणीतरी येऊन देईल म्हणून.

थोरली: शिवी नाही देत. ऐक. मी डॉक्टरांना नंतर विचारलं, ती महिनाभर आधी आली असती तर जगली असती का. ते म्हणाले, नाही. आजार उलटलेलाच होता, त्याने त्याचं काम केलंच असतं. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, पण पाणी काढता आलं असतं. आडवं होऊन झोपता आलं असतं. दोन घास जास्त गेले असते. मला बरं वाटायचं थांबलं.

शिवणवाली: झोपत नव्हती ती?

थोरली: खुर्चीत. तीन आठवडे. उशी पोटाशी धरून, पाय दुसऱ्या खुर्चीवर. आडवी झाली की श्वास अडकायचा. मला म्हणाली, पित्त वाढलंय. पित्त म्हणे. आणि मी, शिकलेली बाई, तिला पित्ताच्या गोळ्या आणून देत होते. तीन वेळा नवी पाकिटं आणली.

शिवणवाली: मला म्हणायची, छान झोप लागते.

थोरली: तुला म्हणायची, कारण तुला ते ऐकायचं होतं. आता एक सांगते, ते मी सांगायचं नाही असं ठरवून आले होते. तिला माहीत होतं.

शिवणवाली: काय माहीत होतं?

थोरली: आकडा. तू टेप ओढतेस ते. बटण तू कापतेस ते. अगं, पाकीट हातात घेऊन ग्रॅममध्ये वजन सांगणारी बाई ती. काट्यावर ठेवलं की तेवढंच भरायचं. तिला स्वतःच्या कमरेचं कळणार नाही? शेवटच्या आठवड्यात, खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाली, टाचणीला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. ती घाबरलीय. तिला वाटतंय माझं वाढलं म्हणजे आता तिचंही वाढणार. मी चौतीस लिहिलं की तिचा चेहरा सुटतो. तेवढं तरी करू दे मला.

शिवणवाली: असं म्हणाली?

थोरली: एक शब्दही बदललेला नाही.

शिवणवाली: म्हणजे मी तिच्यासाठी खोटं बोलत होते आणि ती माझ्यासाठी लिहीत होती.

थोरली: हो. आणि दोघींनी मिळून तिचे तीन आठवडे खाल्लेत. त्याचा राग आहे मला. तुझा आहे, तिचाही आहे. ती समोर नाही म्हणून सगळा तुला मिळतोय.

शिवणवाली: मिळू दे.

थोरली: आणि मला का नाही सांगितलं तिने? मी घरात होते. त्याच खोलीत, समोरच्या पलंगावर. मी चांगली पाठ टेकून झोपत होते गं.

शिवणवाली: ते मला ठाऊक आहे, का नाही सांगितलं.

थोरली: तुला?

शिवणवाली: तपासणीला गेलं की आधी एक फॉर्म देतात. गेल्या सात दिवसांत पोट फुगल्यासारखं वाटलं का, भूक लागली का, हातापायांना मुंग्या येतात का, मन कशात लागतं का. पुढे चार शब्द छापलेले असतात. अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूपच. एकाला गोल करायचा. आम्ही एकमेकींचं बघून भरायचो, परीक्षेत पोरं बघतात तसं. ती मोठ्याने वाचायची. भविष्याची काळजी वाटते का? आणि म्हणायची, लिही टाचणे, भविष्य पोस्टात अडकलंय, पत्ता अपुरा. नवराबायकोच्या प्रश्नांना तर आम्ही इतक्या हसायचो की समोरची बाई उठून जायची. आणि सगळ्यांना गोल एकच, अजिबात नाही. ती फॉर्म घेणारी म्हणायची, तुम्हा दोघींची उत्तरं बरी सारखी येतात.

थोरली: माझ्या वर्गात असत्यात तर दोघींना बाहेर उभं केलं असतं.

शिवणवाली: एका प्रश्नाला ती माझं बघायची नाही. हात आडवा धरून लिहायची. मी एकदा वाकून बघितलंच. आपल्या आजाराचा घरच्यांवर भार पडतोय असं वाटतं का? तिथे खूपच. गोल दोनदा गिरवलेला.

थोरली: खूपच?

शिवणवाली: हो.

थोरली: मी तिला कधी तसं जाणवू दिलं नव्हतं. एकदा बोलले होते फक्त. डबा, औषधं, तुझी फाईल, मी एकटी कुठे कुठे पुरू. एकदाच. दमले होते त्या दिवशी.

शिवणवाली: माणूस बोलतं, ताई.

थोरली: ऐकणारंही ऐकतं. पाणी आहे का?

शिवणवाली: तो तांब्या घ्या. थांबा, मी देते. नाही, तुम्हीच घ्या.

थोरली: का, उठवत नाही?

शिवणवाली: उठते की.

थोरली: मग उठ.

शिवणवाली: वाकायला जरा जड जातं आजकाल. मशीनवर बसून बसून.

थोरली: हा गाऊन कधीपासून घालतेस तू?

शिवणवाली: मोकळा वाटतो.

थोरली: गळ्यापासून पायापर्यंत एकच पिशवी. सगळ्या गावाच्या कंबरा मोजतेस आणि स्वतःला कंबरच नाही?

शिवणवाली: ताई, तुम्ही कोटासाठी आलात ना?

थोरली: तुझी तपासणी कधी होती?

शिवणवाली: झाली असेल.

थोरली: झाली असेल म्हणजे? तू गेली होतीस का?

शिवणवाली: दीड महिना झाला तारखेला. तयार होऊन निघाले होते. बसमधून दाराशी उतरलेसुद्धा. आत गेलं की दोन खुर्च्या, आणि कुणीतरी हातात फॉर्म देणार. मी एकटीने कुणाचं बघून लिहायचं? तशीच परत आले.

थोरली: आणि टेप? रात्रंदिवस गळ्यात असतो तुझ्या.

शिवणवाली: स्वतःला नाही लावत. भीती वाटते. तुम्हाला हसू येईल, पण भीती आकड्याची नाही.

थोरली: मग कसली?

शिवणवाली: आज वार कोणता?

थोरली: सोमवार.

शिवणवाली: घड्याळ बघा. अकराला दोन मिनिटं आहेत. दर सोमवारी या वेळेला मी मशीन बंद करते. बंद नाही केलं तरी ऐकू येतंच. तो ट्रायलचा पडदा आहे ना, तो हलतो. वाऱ्याने हलत असेल, वर झडप आहे. मग स्टूल ओढल्याचा आवाज येतो. म्हणून तिथे कुणाला बसू देत नाही. आणि मग ती विचारते.

थोरली: किती झालं म्हणून?

शिवणवाली: ते विचारलं असतं तर मी केव्हाच खरं सांगून टाकलं असतं. शेवटच्या सोमवारी काय झालं, ते अजून सांगितलं नाही तुम्हाला. मी बोलले, चौतीस. तिने लिहिलं. वही मिटली नाही. माझ्या हातावर हात ठेवला, माझ्या बोटांना तो नीट कळलाही नाही, नुसता दिसला. आणि म्हणाली, आणि तुझं? मी म्हटलं, माझं काय, मी ठणठणीत. ती म्हणाली, मी घेते माप, दे टेप. मी दिला नाही. गिऱ्हाईक यायचंय म्हटलं. कुणी यायचं नव्हतं. तिने कोट घातला, बटणं लावली, गेली. आता दर सोमवारी पडद्यामागून तेवढंच येतं. आणि तुझं?

थोरली: आणि तू काय सांगतेस?

शिवणवाली: मशीन चालू करते. नुसती टीप मारत सुटते, चिंध्यांवर.

थोरली: टेप दे.

शिवणवाली: ताई, नको.

थोरली: ती मागत होती तेव्हा दिला नाहीस. आता मी मागतेय. उभी राहा. हात वर.

(थोरली शिवणवालीच्या गळ्यातला टेप काढून घेते आणि तिच्या मागे जाते. घड्याळात अकरा वाजलेत.)

शिवणवाली: असं नाही. पितळी टोक डाव्या हातात. बेंबीच्या सरळ रेषेत. मागून वर चढू देऊ नका.

थोरली: दोन बोटं आत की बाहेर?

शिवणवाली: आत. दोन्ही आत ठेवा. गिऱ्हाइकाला धरतात तशी.

थोरली: शेवटचं माप किती होतं तुझं?

शिवणवाली: केमो संपली तेव्हा तेहतीस. तिनेच घेतलं होतं, हसत हसत. त्याच वहीत आहे, पहिल्या पानावर.

थोरली: साडेसदतीस.

शिवणवाली: परत बघा.

थोरली: बघितलं. दोनदा बघितलं. ओढून बघू का?

शिवणवाली: नका ओढू.

थोरली: वही घे. लिही.

शिवणवाली: तिच्याखाली?

थोरली: तिच्याखालीच. साडेसदतीस. तारीख घाल.

शिवणवाली: लिहिलं. आता काय होईल, ताई?

थोरली: मला माहीत नाही. पाणी असेल तर काढतील. आज रात्री तरी तू आडवी झोपशील. एवढं मला माहीत आहे, त्याच्या पुढचं नाही. कशी झोपतेस तू सध्या?

शिवणवाली: खुर्चीत.

थोरली: नंबर कुठे आहे सिस्टरचा?

शिवणवाली: भिंतीवर. तिनेच लिहून ठेवलाय, आरशाच्या बाजूला. तुम्ही लावा. बोलते मी.

थोरली: घे. वाजतोय.

शिवणवाली: हॅलो. हो, मीच. शिवणवाली. हो, नाही आले त्या तारखेला. नाही, विसरले नव्हते. पोट वाढलंय. साडेचार इंच. मोजलंय, हो, आत्ताच. कधीपासून? दोन महिने असतील. काय म्हणालात? थोडंसं? नाही. थोडंसं नाही, सिस्टर. खूपच. हो, झोपेचंही खूपच. भूक, तेही. सगळ्याला खूपच लिहा. एकटी नाही. नाही, नवरा नाही, तो लांब असतो कामाला. माझ्या मैत्रिणीची थोरली बहीण आहे. येते. लगेच निघते.

थोरली: काय म्हणाल्या?

शिवणवाली: बारापर्यंत या म्हणाल्या. खुर्ची ठेवतो म्हणाल्या. फॉर्म तिथे भरून घेऊ म्हणाल्या.

थोरली: मी बसेन शेजारी. पण दाखवणार नाही काही. स्वतःचं स्वतः लिहायचं.

शिवणवाली: तुमची हीच शिस्त तिला नको व्हायची.

थोरली: ठाऊक आहे. चल, आवर. दुकानाची किल्ली कुठे आहे?

शिवणवाली: खिळ्याला. तुमचा कोट राहिला, ताई. परत आले की आत घेऊन देते. बोटं चालतील तशी चालतील.

थोरली: राहू दे. बाहेर गारठा आहे, आणि तू या पिशवीत येणार का? घाल हा.

शिवणवाली: मी? हा तिचा आहे.

थोरली: तिचा होता, माझाही होता. मला आता होत नाही. तू ज्या मापाचा करून ठेवलायस ते कुणाला होतंय बघू. हात घाल. दुसरा. मी धरते. सावकाश.

शिवणवाली: खिशात काहीतरी आहे. पोस्टाची सुतळी.

थोरली: असू दे तिथेच. बटणं लाव. लागली का?

शिवणवाली: लागली. सगळी लागली.